‘वाय’ म्हणजे होय, मग ‘यू’ म्हणजे काय?

या महिन्याच्या पत्रांत एकच दुखणं पुन्हापुन्हा दिसलं: बाहेरून आलेला डेटा प्रोग्रॅममध्ये उतरवून घेताना होय-नाहीच्या फील्डचं काय करायचं. जेसन म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना डेटा पाठवताना वापरतात तो मजकुराचा साचा. त्याचा नियम तसा सरळ आहे. होयला ट्रू आणि नाहीला फॉल्स, दोन्ही स्मॉल अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय. जेसनचं प्रमाण सांगणाऱ्या आरएफसी ८२५९ या दस्तऐवजात याहून वेगळं रूप नाही. पण डेटा पाठवणारी प्रत्येक यंत्रणा आपापल्या काळाची असते. कोणी ‘वाय’ आणि ‘एन’ पाठवतं, कोणी १ आणि ०, कोणी ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. एका यंत्रणेतला डेटा दुसरीत नेण्याचं काम मी २३ वर्षं करते आहे आणि माझ्या हातून झालेल्या सर्वांत गंभीर चुकीचं मूळ असल्याच एका फील्डमध्ये होतं. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला देते.

प्रश्न : ताई, आम्ही जावा आणि जेसन वाचणारी गूगलची जीसन लायब्ररी वापरतो. समोरची यंत्रणा ग्राहकांची यादी जेसनमध्ये पाठवते. ग्राहक चालू आहे की बंद, हे सांगणारं एक फील्ड त्यात आहे. ते कधी "वाय" किंवा "एन" असं येतं, कधी अवतरणचिन्हांत "१" किंवा "०". आमच्या क्लासमध्ये ते बूलियन, म्हणजे फक्त ट्रू किंवा फॉल्स घेणारं, आहे. प्रोग्रॅम कुठेही अडकत नाही, लॉगमध्ये एकही तक्रार नाही, पण सगळेच्या सगळे ग्राहक बंद दिसतात. एरर का आली नाही? आणि हे बदलून घेण्याची बरोबर पद्धत कोणती?
— एक वाचक

उत्तर : एरर आली नाही, यातच सगळी गोम आहे. बूलियनच्या जागी स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, आली तर जीसन हरकत घेत नाही. तिच्या जुन्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली ती सवलत आहे. ती स्ट्रिंग सरळ जावाच्या ‘पार्सबूलियन’ मेथडकडे जाते, आणि या मेथडला एकच शब्द ओळखता येतो: "ट्रू". तो कॅपिटलमध्ये असो वा स्मॉलमध्ये, चालतो. बाकी काहीही द्या, "वाय" द्या, "यस" द्या, "१" द्या, रिकामी स्ट्रिंग द्या, अगदी नल (मूल्यच नाही) द्या, उत्तर फॉल्सच येणार. ‘हे फॉल्स आहे का’ असं ती मेथड कधी विचारतच नाही. ‘हे ट्रू आहे का’ एवढंच विचारते आणि नसेल तर फॉल्स सांगून मोकळी होते.

आता याच्या शेजारी हे ठेवून बघा. समोरच्यांनी अवतरणचिन्हांशिवाय १ हा नुसता आकडा पाठवला असता, तर हीच जीसन जागच्या जागी थांबली असती. बूलियन हवं होतं, नंबर आला, असं सांगणारी एरर तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळाली असती. म्हणजे दोन अवतरणचिन्हांमुळे तुमचा दोष दिसायचा राहिला.

उपाय म्हणजे त्या फील्डसाठी स्वतःचा टाइप ॲडॉप्टर, म्हणजे आलेलं मूल्य हव्या त्या प्रकारात बदलून देणारा छोटा कोड, लिहायचा. आतलं काम एवढंच:

मूल्य मुळातच ट्रू किंवा फॉल्स असेल → तसंच पुढे द्या
स्ट्रिंग असेल → कडेच्या मोकळ्या जागा काढा, अक्षरं स्मॉल करा
    होय-यादीत सापडली → ट्रू
    नाही-यादीत सापडली → फॉल्स
यांपैकी काहीच नसेल → एरर. तीत फील्डचं नाव आणि आलेलं मूल्य लिहा

यात दोन याद्या आहेत हे नीट पाहा. बहुतेकांच्या कोडमध्ये मला एकच यादी दिसते: "वाय", "यस", "१" असेल तर ट्रू, एल्स फॉल्स. मग तुम्ही पार्सबूलियनपेक्षा वेगळं काय केलं? शब्द तेवढे वाढवले. न ओळखलेल्या मूल्याला ‘नाही’ समजण्याची मूळ चूक जिथल्या तिथेच राहिली. ‘नाही’ हेसुद्धा एक विधान आहे आणि ते करायलाही पुरावा लागतो. नाही-यादीत जे सापडेल तेच फॉल्स.

माझ्या त्या चुकीबद्दल इथेच सांगते. कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. एका रुग्णालयाच्या जुन्या यंत्रणेतल्या रुग्णांच्या नोंदी नव्या यंत्रणेत न्यायच्या होत्या. औषधाची ॲलर्जी आहे का, असं एक फील्ड होतं, एका अक्षराचं. माझ्या हाती आलेल्या नमुन्यात ‘वाय’ आणि ‘एन’ दोनच अक्षरं होती. मी लिहिलं: ‘वाय’ असेल तर ट्रू, एल्स फॉल्स. चाचण्याही मीच लिहिल्या होत्या, त्यांतही तीच दोन अक्षरं. सगळ्या चाचण्या पास.

चाचणीसाठी आम्ही नवी यंत्रणा आठवडाभर जुनीच्या बरोबरीनं चालवली. तिथल्या औषध विभागातल्या एक बाई जुन्या नोंदींचे छापील कागद घेऊन नव्या स्क्रीनसमोर बसल्या आणि एकेक ओळ ताडून पाहू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "या रुग्णाला ॲलर्जीबद्दल कोणी विचारलेलंच नाही. बेशुद्ध अवस्थेत आणलं होतं. आणि तुमच्या स्क्रीनवर तर ॲलर्जी नाही असं स्पष्ट लिहिलंय." कागदावर ‘यू’ हे अक्षर होतं. यू म्हणजे अननोन, माहीत नाही. माझ्या त्या एल्सनं ‘माहीत नाही’चं ‘नाही’ करून टाकलं होतं. नुसतं एका रुग्णाचं नव्हे, ‘यू’ असलेल्या प्रत्येक नोंदीचं, आणि जिथे जागा कोरी होती तिचंही.

नवी यंत्रणा अजून चाचणीतच होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. पण डॉक्टरनं ती स्क्रीन पाहून इंजेक्शन दिलं असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते फील्ड बूलियन ठेवणंच सोडलं. आहे, नाही, माहीत नाही अशा तीन मूल्यांचा इनम (ठरवून दिलेलीच मूल्यं घेणारा प्रकार) केला आणि चौथं काही आलं तर आयात थांबेल अशी व्यवस्था केली. थांबलीही. एका विभागात कोणी कॅपिटल एनच्या जागी शून्य टाइप करत असे, ते त्यामुळे कळलं.

म्हणून माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं आहे की कन्व्हर्टर लिहिण्याआधी डेटा मोजा. लायब्ररीला हात लावू देऊ नका. कच्च्या मजकुरातून त्या फील्डची वेगवेगळी मूल्यं काढा आणि प्रत्येक किती वेळा येतं ते पाहा. डेटाबेस हाताशी असेल तर ग्रुप बायची एक ओळ पुरते. फाइल असेल तर दहा ओळींची स्क्रिप्ट. त्यातून निघालेली प्रत्येक अनोळखी खूण घेऊन समोरच्या माणसाकडे जा आणि अर्थ विचारा. स्वतः ठरवू नका. शून्य म्हणजे ‘नाही’ हेसुद्धा गृहीत धरू नका. युनिक्समध्ये प्रोग्रॅम ० परत देतो तेव्हा काम फत्ते झालेलं असतं.

याच कारणासाठी हा ॲडॉप्टर त्या एका फील्डवर ॲनोटेशननं लावा, सगळ्या बूलियनसाठी सरसकट नोंदवू नका. सरसकट लावला की ज्या फील्डमध्ये "वाय" येणं हीच चूक आहे, तिथेही तो निमूटपणे ट्रू करून देईल.

मोकळ्या जागांबद्दल थोडं बारकाईनं सांगते, कारण इथे अनुभवी माणसंही ठेचकाळतात. जुन्या यंत्रणांतली फील्डं ठरावीक लांबीची असतात, म्हणून "वाय"च्या मागे तीन-चार स्पेस चिकटून येतात. त्या ट्रिमनं जातात. पण वेबपेजवरून किंवा स्प्रेडशीटमधून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी नॉन-ब्रेकिंग स्पेस असते. दिसायला ती साध्या स्पेससारखीच. जावाचं ट्रिम ती काढत नाही, कारण ते फक्त युनिकोडच्या सुरुवातीच्या, साध्या स्पेसपर्यंतच्या खुणा काढतं. जावा ११ मध्ये आलेलं स्ट्रिपही काढत नाही, कारण जावा नॉन-ब्रेकिंग स्पेसला व्हाइटस्पेस मानतच नाही. पायथनचं स्ट्रिप मात्र ती काढतं. एकच फाइल पायथनमध्ये सुरळीत आणि जावामध्ये एरर, असं दिसलं तर आधी इथे शोधा. म्हणूनच एररमध्ये मूल्य लिहाल तेव्हा ते अवतरणचिन्हांत लिहा आणि शेजारी त्याची लांबी द्या. "वाय", लांबी २, असं दिसलं की काय झालंय ते लगेच उमगतं.

स्मॉल अक्षरं करतानाही लोकॅल (कुठल्या भाषेचे नियम लावायचे ते) सांगा, म्हणजे टू-लोअर-केसला ‘लोकॅल रूट’ द्या. तुर्की सेटिंगच्या मशिनवर कॅपिटल आयचं स्मॉल रूप बिनटिंबाचं आय होतं. "ट्रू" आणि "यस"मध्ये आय नाही, म्हणून ते निभावून जातात. पण तुमच्या होय-यादीत "ॲक्टिव्ह" असेल आणि समोरून ते कॅपिटलमध्ये आलं, तर त्या मशिनवर ते यादीत सापडणार नाही.

शेवटचं एक. तुमचं फील्ड जावाच्या प्रिमिटिव्ह, म्हणजे स्मॉल बीच्या, नल न घेणाऱ्या बूलियनचं असेल, तर जेसनमध्ये ती की आलीच नाही तरी तिथे फॉल्स बसतो आणि तुमच्या ॲडॉप्टरला कोणी हाकही मारत नाही. कॅपिटल बीचा बूलियन घ्या, म्हणजे न आलेलं मूल्य नल राहील आणि तुम्हाला ते तपासता येईल.

प्रश्न : ताई, मी पायथन शिकते आहे. सीएसव्हीमधून वाचलेल्या "फॉल्स" या स्ट्रिंगवर बूल लावलं तर ट्रू मिळतं. जुन्या एका उदाहरणात डिस्टयुटिल्समधलं स्ट्र-टू-बूल वापरलेलं दिसलं, पण माझ्याकडे ते इम्पोर्टच होत नाही. मी काय वापरू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बूल स्ट्रिंगचा अर्थ वाचत नाही, ती रिकामी आहे की नाही एवढंच बघतं. "फॉल्स"मध्ये अक्षरं आहेत, म्हणून ट्रू. जावास्क्रिप्टही असंच वागते. पीएचपीत "फॉल्स" ही स्ट्रिंग ट्रू आहे पण "०" ही स्ट्रिंग फॉल्स. पायथनमध्ये "०" ट्रू. रूबीत तर आकडा ०सुद्धा ट्रू मानला जातो. एका भाषेत बसलेली सवय दुसरीत नेऊ नकोस.

डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल पायथन ३.१२ मध्ये, म्हणजे २०२३ साली, काढून टाकलं. स्ट्र-टू-बूल त्याच्याबरोबर गेलं. त्याची रचना चांगली होती: वाय, यस, टी, ट्रू, ऑन, १ ही होय-यादी, एन, नो, एफ, फॉल्स, ऑफ, ० ही नाही-यादी, बाकी सगळ्यांना व्हॅल्यू-एरर. दोन याद्या आणि तिसरी एरर, वर मी सांगितलं तेच. फक्त त्यात एक खोट होती. ते ट्रू-फॉल्स न देता १ आणि ० हे आकडे परत देत असे. तू ते निकाल पुन्हा जेसनमध्ये लिहिलेस, तर ट्रूच्या जागी १ जाणार आणि ज्या दुखण्यावर तू औषध शोधत होतीस ते पुढच्या माणसाला देऊन टाकणार.

तेव्हा दहा ओळींचं फंक्शन स्वतः लिही. सेटिंगची फाइल वाचत असशील तर कॉन्फिगपार्सरमधलं गेट-बूलियन तयार आहे. तेही अनोळखी शब्दाला एरर देतं. डेटा तपासणारी पायडँटिक लायब्ररी वापरत असशील तर तिच्या नेहमीच्या सैल पद्धतीत वरच्या सगळ्या खुणा चालतात आणि स्ट्रिक्ट लावलंस की फक्त खरेखुरे ट्रू-फॉल्स. माझं मत विचारशील तर आपल्याच दोन प्रोग्रॅममधल्या बोलण्याला स्ट्रिक्ट लाव. सैलपणा फक्त दारात ठेव, जिथे परका डेटा आत येतो.

फंक्शन लिहिताना एक खड्डा टाळ. पायथनमध्ये बूल हा इंटचाच उपप्रकार आहे. २००३ साली २.३ आवृत्तीत बूल आला तो असाच. म्हणून ‘हे इंट आहे का’ अशी तपासणी ट्रूलाही होय म्हणते. बूलची तपासणी आधी कर, इंटची नंतर. आणि डिक्शनरीची यादी करत असशील तर १, १.० आणि ट्रू या तिन्ही तिथे एकच की ठरतात. उशिरा लिहिलेलं मूल्य आधीच्याला पुसून टाकतं. मी स्ट्रिंगची यादी वेगळी आणि आकड्यांची तपासणी वेगळी ठेवते.

प्रश्न : आमच्या यामल (सेटिंग वगैरे लिहिण्याचा मजकुराचा साचा) फाइलमध्ये देशांच्या दोन अक्षरी कोडची यादी आहे. पायथनमध्ये लोड केल्यावर नॉर्वेच्या जागी फॉल्स येतं. लोड झाल्यावर फॉल्स दिसला की पुन्हा ‘एनओ’ करायचा, असा कन्व्हर्टर लिहिला आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचक

उत्तर : नाही, तो कन्व्हर्टर काढून टाका. लोड झाल्यावर तुमच्या हाती फॉल्स उरतो, पण फाइलमध्ये काय लिहिलं होतं ते गेलेलं असतं. तिथे ‘एनओ’ असेल, ‘ऑफ’ असेल किंवा कोणी खरोखरच फॉल्स लिहिलं असेल. तिन्हींचा तुम्ही नॉर्वे करणार.

यामल १.१ मध्ये यस, नो, ऑन, ऑफ हे सगळे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर बूलियन मानले जातात, आणि नॉर्वेचा कोड ‘एनओ’ म्हणजे इंग्रजीतला ‘नो’च. २००९ च्या १.२ मध्ये ते काढून फक्त ट्रू आणि फॉल्स ठेवले, पण पायथनची पायमल लायब्ररी अजून १.१ च्या नियमानं चालते. तेव्हा फाइल तुमच्या ताब्यात असेल तर कोड अवतरणचिन्हांत लिहा, सगळेच्या सगळे, नुसता नॉर्वेचा नाही. नाहीतर पुढच्या माणसाला वाटेल की तिथे अवतरणचिन्हं चुकून राहिली आहेत आणि तो ती पुसेल. फाइल ताब्यात नसेल तर पायमलचा बेसलोडर वापरा. तो सगळं स्ट्रिंग म्हणूनच देतो, मग कुठल्या फील्डचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. रुआमल डॉट यामल ही लायब्ररी १.२ धरून चालते, तोही मार्ग आहे.

प्रश्न : मॅडम, वेब फॉर्मवरच्या चेकबॉक्सचं मूल्य सर्व्हरवर "ऑन" असं येतं आणि टिक काढली की काहीच येत नाही. आम्ही ‘काही आलं नाही तर फॉल्स’ असं लिहिलं. आता मोबाइल ॲप तोच सर्व्हर वापरतं आणि फक्त बदललेली फील्डं पाठवतं. वापरणाऱ्यानं नुसतं नाव बदललं तरी त्याच्या सूचना बंद होतात. दोन्हींना एकच कोड कसा चालवायचा?
— एक वाचक

उत्तर : एकच कोड चालवू नका. ‘काही आलं नाही’ याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

एचटीएमएल फॉर्मचा नियमच असा आहे की टिक असेल तर चेकबॉक्स जातो, नसेल तर त्याचं नावसुद्धा जात नाही. व्हॅल्यू दिलेली नसेल तर "ऑन" जातं. म्हणून पूर्ण फॉर्म येतो तेव्हा ‘आलं नाही’ म्हणजे टिक नाही, हे धरणं बरोबर आहे. तिथेही मी आधी त्याच नावाचं लपवलेलं इनपुट ठेवते, मूल्य "०", आणि त्यानंतर चेकबॉक्स, मूल्य "१". टिक नसेल तर "०" येतो, असेल तर दोन्ही येतात आणि शेवटचं धरायचं. रूबीतलं रेल्स हे वेब फ्रेमवर्क हेच करतं. यानं ‘नाही’ हे शब्दांत सांगितलं जातं, अंदाजानं काढावं लागत नाही. तुमच्याकडे एकाच नावाची दोन मूल्यं आली तर पहिलं धरतात की शेवटचं, हे मात्र तपासून घ्या.

ॲपचं बोलणं वेगळं आहे. बदल तेवढा पाठवायचा असेल तर तिथे तीन गोष्टी तीन तऱ्हांनी वाचायला हव्यात: फील्ड आलंच नाही, फील्ड नल आलं, फील्ड फॉल्स आलं. जेसन मर्ज पॅच नावाचा प्रमाण नियम आहे, आरएफसी ७३९६. त्यात न आलेल्या फील्डला हात लावायचा नाही, नल आलं तर ते फील्ड काढून टाकायचं आणि फॉल्स आलं तर फॉल्स ठेवायचं. तुमच्या कोडनं पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची गल्लत केली.

तुम्ही गो ही भाषा वापरता असं पत्रात पुढे लिहिलं आहे, म्हणून दोन सूचना. आत घेताना बूलऐवजी बूलचा पॉइंटर घ्या. न आलेलं निल राहील. त्यानं ‘आलं नाही’ आणि ‘नल आलं’ यांतला भेद कळत नाही, तो हवा असेल तर मूल्य रॉ-मेसेज, म्हणजे न उलगडलेला कच्चा जेसन, म्हणून घ्या आणि स्वतः बघा. बाहेर पाठवताना साध्या बूल फील्डवर ‘ओमिट-एम्प्टी’ लिहिलेलं आहे का तेही पाहा. गोच्या लेखी फॉल्स म्हणजे रिकामं, म्हणून ओमिट-एम्प्टी असलं की फॉल्स फील्ड जेसनमध्ये जातच नाही. मग वापरणाऱ्यानं सूचना मुद्दाम बंद केल्या तरी समोरच्याला ‘बदल नाही’ असंच कळणार. तुमचं ॲपही गोमधल्याच एका सेवेतून बोलत असेल तर हा दुसरा दोषही तुमच्याकडे असण्याची शक्यता आहे. तो फार उशिरा सापडतो, कारण ट्रू व्यवस्थित जात असतो.

प्रश्न : सी शार्पमध्ये सिस्टम डॉट टेक्स्ट डॉट जेसनसाठी बूलचा कन्व्हर्टर लिहितो आहे. जुन्या डेटाबेसमधून -१ असंही मूल्य येतं, ते काय आहे? आणि कन्व्हर्टरमध्ये राइटही लिहावं लागतं. तिथे परत "वाय" लिहू की ट्रू?
— एक वाचक

उत्तर : -१ म्हणजे ट्रू. व्हिज्युअल बेसिकमध्ये ट्रूचा आकडा -१ होतो, कारण तिथे ट्रूचे सगळे बिट १ असतात आणि चिन्हासह वाचलं की ते -१ होतं. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधलं यस-नो फील्डही ट्रूसाठी -१ ठेवतं. तेव्हा -१ ला होय-यादीत जागा द्या. ‘शून्य नसेल ते सगळं ट्रू’ असं करून सुटका करून घेण्याचा मोह होईल, तो आवरा. एखाद्या दिवशी २ येईल आणि त्याचा अर्थ ‘थांबवलेलं’ असा असेल. जावातली जॅक्सन लायब्ररी पूर्णांकाच्या बाबतीत मुळात असंच वागते, शून्याखेरीज सगळं ट्रू, आणि तिथे असा २ मी ट्रू होऊन बसलेला पाहिला आहे.

तुमची लायब्ररी या बाबतीत कडक आहे. अवतरणचिन्हांतलं "ट्रू"सुद्धा ती घेत नाही, एक्सेप्शन देते. आकडे स्ट्रिंगमधून वाचायची सवलत तिच्यात सेटिंगनं मिळते, बूलला तशी सवलत नाही. म्हणून रीडमध्ये टोकनचा प्रकार पाहून चार वाटा कराव्या लागतील: ट्रू, फॉल्स, स्ट्रिंग, नंबर. पाचवी वाट एक्सेप्शनची.

राइटमध्ये काय लिहायचं, ते वाचणारा कोण आहे यावर ठरतं. तुमचाच डेटा तुम्हीच पुढे वाचणार असाल तर ट्रू-फॉल्सच लिहा, म्हणजे जुनी खूण तुमच्या दारातच संपेल. पण तोच रेकॉर्ड त्या जुन्या यंत्रणेकडे परत जाणार असेल तर तिला जे समजतं तेच, अक्षरागणिक तसंच, लिहिलं पाहिजे. तिथे "वाय" कॅपिटलमध्ये असेल तर कॅपिटलमध्येच. अशा वेळी मी दोन वेगळे कन्व्हर्टर करते आणि नावातच सांगते कुठल्या यंत्रणेचा कोणता. एकाच कन्व्हर्टरला ‘कसं लिहू’ असा फ्लॅग दिला की सहा महिन्यांनी तो फ्लॅग चुकीच्या बाजूला लागलेला सापडतो.

चाचण्या लिहाल त्यात होय-यादीतलं आणि नाही-यादीतलं प्रत्येक मूल्य घ्याच. त्याशिवाय हीही घ्या: रिकामी स्ट्रिंग, नुसती स्पेस, नल, न आलेलं फील्ड, २, आणि "यू". या सहांपैकी प्रत्येकासमोर अपेक्षित निकाल लिहिताना हात अडखळला तर कोड तिथेच सोडा आणि डेटा पाठवणाऱ्याला फोन करा.